कारखान्यातला सन्मान सोहळा: सहा आठवडे आधीपासून शेवटच्या बिलापर्यंत

एमआयडीसीतल्या दोन-अडीचशे माणसांच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या कौतुकाचा कार्यक्रम ठरला, की पहिल्याच दिवशी एचआरच्या टेबलावर तीन कागद येतात: हॉलचं कोटेशन, केटररचा मेन्यू आणि ट्रॉफ्यांचा कॅटलॉग. हे तिन्ही कागद पंधरा दिवस बाजूला ठेवा. आधी एक वही घ्या. कुणाचा सन्मान करायचा आणि त्या माणसाबद्दल व्यासपीठावरून नेमकं कोणतं वाक्य वाचलं जाणार, एवढंच तिच्यात लिहायचं. माझ्या मते सगळा कार्यक्रम या वहीवर उभा राहतो. वाक्यं खरी आणि नेमकी असतील, तर कागदी प्लेटमधल्या वडा-चहावरही सोहळा रंगतो. वाक्यं पोकळ असतील, तर पंचतारांकित हॉलमध्येही मागच्या रांगा जेवणाची वाट बघत मोबाइल चाळत बसतात.

‘आपल्या प्रामाणिक व मेहनती सेवेबद्दल’ हे शब्द कुणाच्याही नावापुढे बसतात. त्याऐवजी हे ऐका: ‘जुलैमध्ये रात्रपाळीला चार नंबरच्या प्रेसचा आवाज बदलल्याचं यांच्या लक्षात आलं. यांनी मशीन थांबवलं, मेंटेनन्सला बोलावलं. क्लच उघडल्यावर तडा सापडला. त्या रात्री शेजारी काम करणारे तिघे आज इथे बसले आहेत.’ हे वाचताना सभेत कुणी कुजबुजत नाही.

पुढचं सगळं नीट मांडता यावं म्हणून एक नमुना धरतो: चाकण-भोसरी पट्ट्यातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा, तीन पाळ्यांत चालणारा कारखाना. माणसं २४०. त्यात ११० पर्मनंट, ९० ठेकेदाराकडची, २५ ट्रेनी आणि १५ जण सिक्युरिटी, हाउसकीपिंग व कॅन्टीनचे. तुमचे आकडे वेगळे असतील. हिशेबाची रीत तीच राहील.

यादी २४०चीच

पहिला निर्णय यादीचा, आणि तो मालकांकडून लेखी घ्या. गेटमधून रोज आत येणारा प्रत्येक माणूस या कार्यक्रमाचा पाहुणा आहे. ‘ठेकेदाराच्या मुलांना जेवण आहे, पण भेटवस्तू नाही’ असा तोडगा काही ठिकाणी निघतो. त्यापेक्षा कार्यक्रम न केलेला बरा. एकाच मशीनवर खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या दोघांपैकी एक पिशवी घेऊन बसमध्ये चढतो आणि दुसरा रिकाम्या हाताने, हे दृश्य वर्षभर कुणी विसरत नाही.

व्यवस्थापनाची इथे एक खरी अडचण असते. ठेकेदाराच्या कामगाराला कंपनीने थेट काही दिलं, तर उद्या तो आपलाच कामगार असल्याचा दावा होईल, अशी भीती वाटते. कामगार कायद्याच्या सल्लागाराशी बोलून यातून सरळ वाट काढता येते. ठेकेदाराला सहयजमान करा, त्याच्या माणसांच्या भेटवस्तू त्याच्या नावाने आणि त्याच्याच हातून, पण त्याच मांडवात, त्याच वेळी आणि तीच वस्तू द्या.

याच बैठकीत दोन गोष्टी साफ करून घ्या. बोनस हा कायद्याने मिळणारा हक्क आहे, वेतनाच्या किमान ८.३३ टक्के. तो या कार्यक्रमात ‘जाहीर’ करून कौतुकाच्या खात्यात टाकू नका. दुसरं म्हणजे ओव्हरटाइमची थकबाकी, रखडलेली वेतनवाढ किंवा अडकलेला पीएफ असेल, तर ते आधी मिटवा. हक्काचे पैसे अडलेले असताना शाल घेणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधींना पहिल्याच बैठकीला बोलवा. पत्रिका छापून झाल्यावर पाठवलेल्या निमंत्रणाला काही अर्थ उरत नाही.

तारीख

१ मे ही तारीख सगळ्यांना आधी सुचते. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र, भाषणाला आयता विषय. पण तो भरपगारी सुट्टीचा दिवस आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे अर्धी माणसं गावी असतात. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, सगळे नवे कपडे घालून येतात, वातावरणही छान असतं, पण पूजा उरकून घरी जायची ओढ असते. त्या दिवशी पेढे वाटा, सोहळा नको. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन सुरक्षेच्या बक्षिसांना योग्य आहे, फक्त दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हा चालू असतात आणि मार्चअखेरचं डिस्पॅचही डोक्यावर असतं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कार्यक्रम ठेवून ‘उत्पादन बुडत नाही’ असा हिशेब मांडला जातो. मला तो पटत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला कित्येक वर्षं झगडावं लागलं होतं. कौतुक करण्यासाठी माणसाची तीच सुट्टी काढून घेऊ नये. सुट्टीशिवाय इलाजच नसेल, तर बदली सुट्टी आधी जाहीर करा. पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही अनेकदा गुरुवारीच निघतात, हेही ध्यानात घ्या. गुरुवार मार्गशीर्षातला असेल, तर महालक्ष्मीच्या व्रतामुळे बऱ्याच महिला कामगारांचा उपवास आणि घरी पूजा असते.

माझी पसंती संक्रांतीनंतरच्या आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवसाला. पगार ७ तारखेपर्यंत झालेला असतो, तिमाहीची घाई उलटलेली असते, हवा चांगली असते आणि तिळगूळ द्यायला निमित्तही असतं. तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडरवर संकष्टी, एकादशी आणि रमजान बघून घ्या.

पाळ्यांचं गणित

पाळ्या ७ ते ३:३०, ३:३० ते १२ आणि १२ ते ७ अशा असतील, तर कार्यक्रमाची सोयीची वेळ ४ ते ५:५०, त्यानंतर जेवण. त्या दिवशी दुसरी पाळी ३:३० ऐवजी ७ वाजता सुरू होईल. मधला साडेतीन तासांचा वेळ सगळ्यांच्या हजेरीत धरला जाईल, ठेकेदाराच्या माणसांच्याही, हे नोटीस बोर्डावर लिहा. रात्रपाळी सकाळी ७ला सुटून झोपलेली असते. तिच्यासाठी ३ वाजता वेगळी बस सोडा आणि त्या रात्री पाळी थोडी उशिरा लावता येते का ते पाहा.

साडेतीन तास लाइन बंद म्हणजे पैसा जातो, हे आकड्यात मांडूनच मंजुरी घ्या. प्लॅनिंग आणि डिस्पॅचवाल्यांना चार आठवडे आधी सांगितलं, तर आधीच्या दहा-बारा दिवसांत थोडा थोडा जादा माल काढून ग्राहकाची डिलिव्हरी सांभाळता येते. आदल्या दिवशी सांगितलं, तर सुपरवायझर चार माणसं मागे ठेवतोच. आणि ती बहुधा ठेकेदाराकडचीच असतात.

काही कामं थांबतच नाहीत. हीट ट्रीटमेंटची भट्टी तासाभरासाठी बंद करता येत नाही. तिथे आळीपाळीने दोघं थांबतील, त्यांची नावं आधी ठरवा. त्यांच्यापैकी कुणाचा सत्कार असेल, तर तेवढ्या वेळापुरता बदली माणूस द्या. गेटवर एजन्सीकडून तीन तासांसाठी बाहेरचे गार्ड मागवा, सफाईला बाहेरची टीम, जेवणाला बाहेरचा केटरर. आपल्या कॅन्टीनची आणि हाउसकीपिंगची माणसं त्या दिवशी पाहुणी आहेत; त्यांच्या हातात झाडू किंवा वाढपाचं भांडं दिसता कामा नये.

वाक्यं कशी गोळा करायची

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जावा. सहा आठवडे आधी सुरू करा.

विभागप्रमुखांकडून नावं मागवली, की त्यांच्या केबिनसमोर बसणाऱ्यांची यादी येते. यात त्यांची लबाडी नसते; जे दिसतं तेच आठवतं. म्हणून चिठ्ठ्या वापरा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोनच प्रश्न छापा: ‘गेल्या वर्षभरात कुणामुळे तुमचं काम सोपं झालं?’ आणि ‘त्यांनी नेमकं काय केलं?’ मराठीत आणि हिंदीत. खाली चिठ्ठी देणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. गुगल फॉर्मने ऑफिसातली माणसं भरतील, प्रेस शॉपमधली नाही.

पेटी ठेवून निघून जाऊ नका. आठवडाभर प्रत्येक पाळीच्या चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये स्वतः उभे राहा, रात्रपाळीच्या चहालाही. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे, त्यांना बोलतं करा आणि तुम्ही लिहा. ‘चांगला माणूस आहे’ असं उत्तर आलं, की विचारा: ‘कधी जाणवलं?’ या एका प्रश्नाने गोष्ट बाहेर पडते. स्टोअरमधला माणूस पाळी सुटायच्या वेळीही ग्लोव्हज द्यायला थांबला होता. नव्या ट्रेनीला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) वाचायला एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. हाउसकीपिंगच्या काकांनी सांडलेल्या तेलावर भुसा टाकून, दुसरं कुणी येईपर्यंत तिथून पाय हलवला नाही. व्यवस्थापनाच्या कोणत्याही रिपोर्टात या गोष्टी येत नाहीत.

चिठ्ठ्या जमल्या, की सात जणांची समिती बसवा. तिच्यात शॉप फ्लोअर, टूलरूम, क्वालिटी, ठेकेदाराकडचे कामगार, महिला कामगार आणि युनियन यांचा प्रत्येकी एक जण असावा, सातवे तुम्ही. विभागप्रमुख नकोत. प्रत्येक गोष्ट ब्रेकडाउन रजिस्टर, काइझेनची (छोट्या सुधारणांच्या नोंदींची) वही, रिजेक्शनचे आकडे किंवा त्या वेळी हजर असलेल्या माणसाच्या सांगण्यावरून पडताळून घ्या. खोटं किंवा फुगवलेलं एक वाक्य बाकीच्या सगळ्यांवरचा विश्वास घालवतं. शॉप फ्लोअरवर सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मग वाक्यं लिहायची. महिना, जागा, माणसाने केलेली कृती आणि त्यामुळे झालेला फरक, एवढं चाळीस-पन्नास शब्दांत बसवायचं. ‘उत्कृष्ट’, ‘अतुलनीय’, ‘मोलाचे योगदान’ हे शब्द खोडून टाका आणि त्यांच्या जागी जे घडलं ते ठेवा. पैशातली बचत माहीत असेल तर सांगा, पण तिच्यावर सगळा भर नको. ‘शेजारच्याचा हात वाचला’ हे ‘दीड लाख वाचले’ याच्यापेक्षा मोठं आहे.

लिहून झालं, की ज्याचा सन्मान आहे त्यालाच ते आठवडाभर आधी वाचून दाखवा. आश्चर्याचा धक्का देण्याची हौस अनेकांना असते. मी त्याच्या विरोधात आहे. आधी कळलं, तर माणूस घरच्यांना आणू शकतो, तपशील चुकला असेल तर सांगतो, आणि स्टेजवर यायचं नसेल तर नाही म्हणू शकतो. असे संकोची लोक असतात. त्यांना जागेवरच बसू द्या आणि त्यांच्याबद्दल वाचा, नाहीतर त्यांच्या मशीनपाशी चार सहकाऱ्यांसमोर सन्मान करा.

नावाच्या उच्चारावरही मेहनत घ्या. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, विदर्भ, कोकण, सगळीकडची माणसं एकाच लाइनवर असतात आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून निवेदक गोंधळतो. प्रत्येक सन्मानार्थीला मोबाइलवर स्वतःचं नाव बोलायला सांगा, रेकॉर्ड करा आणि निवेदकाला ऐकवा. हिंदी बोलणाऱ्या कामगाराबद्दलचं वाक्य हिंदीतच वाचावं, म्हणजे त्याच्या घरी व्हिडिओ पाहणाऱ्यांनाही ते कळेल.

स्टेजवर किती नावं? वाचन, सत्कार आणि फोटो मिळून एकाला दोन मिनिटं लागतात. चोवीस जणांना अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यापुढे सभा टिकत नाही. उरलेल्या सगळ्यांची नावं, विभाग आणि रुजू झाल्याचं वर्ष मांडवाच्या प्रवेशाशी मोठ्या फलकावर लावा. लोक त्यासमोर उभं राहून एकमेकांचं वर्ष शोधतात, फोटो काढतात.

कोणत्या बक्षिसांपासून दूर राहावं

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. ते तापात कामावर आलेल्याला मिळतं. बाळंतपणाची रजा घेतलेली बाई आणि आईच्या ऑपरेशनसाठी चार दिवस गेलेला मुलगा त्यातून बाद होतात.

‘शून्य अपघात विभाग’ हे बक्षीस त्याहून धोक्याचं आहे. एका माणसाच्या बोटाला लागलं तर सगळ्या विभागाचं बक्षीस जाणार, म्हटल्यावर तो चिंधी बांधून गप्प बसतो. छोट्या इजा दडल्या, की मोठी इजा होण्याआधीची सूचनाच मिळत नाही. सुरक्षेचं बक्षीस द्यायचं तर ‘निअर मिस’, म्हणजे होता होता टळलेला अपघात किंवा दिसलेला धोका, कळवणाऱ्याला द्या: पट्टा सुटत आलेला दाखवणारा, मशीनचं संरक्षक आवरण काढून ते चालवायला नकार देणारा, फोर्कलिफ्टच्या वळणावर आरसा लावायला सांगणारा.

‘बेस्ट एम्प्लॉयी’ असा एकच मानकरी निवडणंही टाळा. बाकीचे २३९ काय, हा प्रश्न त्या माणसालाच अवघड होऊन बसतो.

सेवेची वर्षं मात्र जरूर मोजा. १० आणि १५ वर्षंवाल्यांना गटाने बोलवा, २५ वर्षंवाल्यांना एकेकटं, आणि त्यांच्याबद्दल बोलायला त्यांच्या हाताखाली शिकलेला एखादा मुलगा उभा करा.

खर्च

चोवीस सन्मानार्थींच्या घरचे प्रत्येकी दोघे धरले, तर ताटं २८८, म्हणजे २९०. पुढचे दर नमुन्यादाखल आहेत, तुमच्या भागातली कोटेशन्स घालून पाहा. जेवण-नाश्ता ३५० रुपयांप्रमाणे १,०१,५००. भेटवस्तू २४०, प्रत्येकी ४०० रुपये, ९६,०००. सन्मानचिन्हं सेवेची वर्षंवाले धरून ३६, प्रत्येकी ६००, म्हणजे २१,६००. मांडव, खुर्च्या, ध्वनिव्यवस्था ४०,०००. छपाई आणि फोटो १५,०००. जादा बस, बाहेरचे गार्ड, सफाई २०,०००. बेरीज २,९४,१००. त्यावर १० टक्के राखीव धरले, की ३,२३,५१०, म्हणजे माणशी साधारण १,३५० रुपये. पैसे कमी पडले तर सन्मानचिन्हं साधी करा, मांडवाची सजावट कमी करा. ताट आणि यादी यांना हात लावू नका.

करांचं थोडक्यात: खानपान आणि भेटवस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कंपनीच्या करातून वजावट, साधारणपणे मिळत नाही, म्हणून सगळे दर कर धरूनच मांडा. कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या भेटी एका आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांच्या आत असतील, तर त्यांच्यावर जीएसटी लागत नाही. रोख बक्षीस मात्र पगारासारखं करपात्र होतं. वस्तूला किंवा व्हाउचरला वर्षाकाठी ठरावीक रकमेपर्यंत आयकरातून सूट असते. चालू मर्यादा तुमच्या सीएकडून लिहून घ्या.

भेटवस्तू हुद्द्याप्रमाणे बदलू नका. घरात रोज वापरात येईल अशी एकच चांगली वस्तू निवडा: स्टीलचा मजबूत डबा, कढई, चांगली चादर. कंपनीचं नाव छोटं, तळाशी. समितीतल्या लोकांना दोन-तीन नमुने घरी नेऊ द्या आणि घरचे काय म्हणतात ते ऐका.

जेवण

मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा. इतकं पुरेसं आहे आणि गरम असेल तर उत्तम. पंचवीस पदार्थांच्या बुफेत प्रत्येक पदार्थ कोमट होतो. उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी, कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळी भाजी; किती जणांसाठी ते आधी विचारून ठेवा. मांसाहाराची मागणी येईल. वेगळी चूल, वेगळी भांडी आणि वेगळी रांग खरोखर ठेवता येत असेल तर करा, अर्धवट नको.

केटररकडे एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना मागा आणि मठ्ठ्यात पडणारा बर्फ खाण्यायोग्य आहे का ते स्वतः जाऊन पाहा. पहिली पाळी भुकेली सुटते; ३:३०ला चहा आणि गरम वडा तयार हवा, नाहीतर पाचनंतर कुणाचं लक्ष स्टेजकडे राहणार नाही.

रांगेचं गणितही मांडा. टेबलाच्या एका बाजूने मिनिटाला साधारण चार माणसं पुढे सरकतात. दोन्ही बाजूंनी वाढायची दोन टेबलं म्हणजे मिनिटाला सोळा, आणि २९० माणसं अठरा-वीस मिनिटांत. एकाच टेबलावर भागवलं तर तेवढ्यालाच चाळीस मिनिटं लागतात आणि बस खोळंबते.

जागा असेल तर मला पंगत जास्त आवडते. मालकांनी, प्लांट हेडने आणि सगळ्या मॅनेजरांनी वाढायचं, आग्रह करायचा आणि शेवटच्या पंगतीला बसायचं. आपल्याकडे लग्नात यजमान हेच करतो. वेळ थोडा जास्त लागतो, एका ऐवजी दोन पंगती धरा, पण ज्याच्याशी वर्षभरात बोलणं झालं नाही त्या माणसाच्या पानात जिलबी वाढताना चार शब्द होतातच.

दारू नको. अर्धी माणसं तासाभरात मशीनवर जाणार आहेत. आणि त्याच रात्री फक्त मॅनेजरांची वेगळी पार्टी हॉटेलात ठेवू नका. सकाळपर्यंत ती सगळ्यांना कळलेली असते.

मांडव, वीज, आवाज

चार वाजता ऊन पश्चिमेकडून येतं. स्टेज पूर्वेला घ्या, म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांत ऊन जाणार नाही, आणि मांडवाची पश्चिमेची बाजू कापडाने बंद करा. कॉम्प्रेसर रूमपासून लांब राहा. जनरेटर आदल्या दिवशी अर्धा तास चालवून पाहा, डिझेल भरा. दोन वायरलेस माइक, एक वायरचा. बाहेर पडायच्या दोन वाटा मोकळ्या, अग्निशामक सिलिंडर हाताशी, प्रथमोपचाराचा माणूस आणि एक गाडी तयार.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिस ठाण्यातून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. आपला कार्यक्रम त्याच्या कितीतरी आधी संपतो, तरी कागद हातात असावा. रेकॉर्ड केलेली गाणी लावणार असाल, तर पीपीएल आणि आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्यांची चौकशी करा. कामगारांनीच भजन, पोवाडा किंवा नकला केल्या तर रंगतही जास्त येते.

आणखी एक. लैंगिक छळविरोधी २०१३च्या कायद्याच्या दृष्टीने हा मांडव आणि कंपनीची बस हीसुद्धा कामाचीच जागा आहे. खेळ, नाच, विनोद ठरवताना हे डोक्यात ठेवा. अंतर्गत समितीची एक सदस्य कार्यक्रमात आणि शेवटच्या बसपर्यंत हजर असू द्या.

कार्यक्रमाचा क्रम

निवेदक बाहेरचा नको. कारखान्यात एखादा तरी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरलेला असतो, नाहीतर मंडळाच्या गणपतीत माइक सांभाळणारा. त्याला पंधरा दिवस आधी संहिता द्या.

४ वाजता दीपप्रज्वलन, सगळ्यात जुन्या कामगाराच्या आणि सगळ्यात नव्या ट्रेनीच्या हातून. प्लांट हेडची पाच मिनिटं. वर्षभरात गेलेल्या सहकाऱ्यांना श्रद्धांजली, त्यांच्या घरच्यांना आधी विचारून. सव्वाचारला पहिले बारा सन्मान, मग कामगारांचा दहा मिनिटांचा कार्यक्रम, मग उरलेले बारा. सव्वापाचला सेवेची वर्षं. ५:३५ला मालकांचं भाषण, सात मिनिटं. ५:४५ला आभार आणि ५:५०ला जेवण. प्रमुख पाहुणे म्हणून पुढारी बोलावलात, तर हे वेळापत्रक त्यांच्या गाडीच्या हाती जातं. पाहुणा हवाच असेल, तर याच कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा फोरमन बोलवा.

पुढच्या दोन रांगा सन्मानार्थी आणि त्यांच्या घरच्यांच्या. सोफे नकोत, सगळ्यांना सारख्या खुर्च्या. मॅनेजर मागे किंवा मधे मिसळून. सन्मानार्थी क्रमाने बसवा, खुर्चीवर नंबर, तबकातली सन्मानचिन्हं त्याच क्रमाने. माणूस सभेकडे तोंड करून उभा असताना वाक्य पूर्ण वाचायचं, ते संपल्यावर हातात चिन्ह द्यायचं, मग फोटो. वाचन चालू असताना शाल पांघरायची घाई केली, की कुणी ऐकत नाही. वाक्य त्याच्या सुपरवायझरने किंवा जोडीदाराने वाचावं. सोबत आलेल्या आईला किंवा बायकोला वर बोलवा. आदल्या दिवशी ३:३०ला रिकाम्या तबकांनिशी पूर्ण तालीम घ्या.

घरच्यांसाठी अर्ध्या तासाची कारखान्याची फेरी ठेवा, ४च्या आधी, मशीन बंद असताना, पंधरा-पंधराच्या गटाने, पिवळ्या पट्टीने आखलेल्या चालायच्या वाटेवरून. ज्या मशीनवर बाबा काम करतात ते मुलांना बाबांनीच समजावून सांगावं. गाइड नेमू नका.

नंतरचे आठ दिवस

रजेवर, आजारी किंवा भट्टीवर असलेल्यांची यादी दुसऱ्या दिवशी काढा. त्यांची भेटवस्तू त्यांच्या पाळीत, जागेवर जाऊन द्या. ज्यांना एचआरच्या खिडकीवर यावं लागतं, त्यांच्यापैकी काही कधीच येत नाहीत. फोटोंच्या छापील प्रती आठ दिवसांत सन्मानार्थींना द्या. ग्रुपवर टाकलेले दोनशे फोटो कुणाच्या भिंतीवर लागत नाहीत. केटरर, मांडववाला आणि बसवाल्याची बिलं त्याच आठवड्यात चुकती करा.

‘माझं नाव का नाही?’ असं विचारायला दोन-चार जण येतील. दार बंद करून नीट बसवा आणि त्यांची गोष्ट त्याच वहीत लिहून घ्या. त्यातली एखादी खरोखर सुटलेली असते. तिची समितीकडून खातरजमा झाली, की त्या माणसाच्या मशीनपाशी महिन्याभरात सन्मान करा. पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका.

सन्मानाचं वाक्य सहीशिक्क्यानिशी पर्सनल फाइलमध्ये लावा आणि वेतनवाढीच्या वेळी ती फाइल उघडा. ट्रेनीला ते अनुभवाच्या दाखल्यात लिहून द्या, ठेकेदाराच्या कामगाराला कंपनीच्या लेटरहेडवर वेगळं प्रशस्तिपत्र द्या. पुढच्या नोकरीत ते कामाला येतं. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ दरवर्षी गुणवंत कामगार पुरस्कारासाठी अर्ज मागवतं. कामगार कल्याण निधी भरणाऱ्या आस्थापनांतल्या कामगारांना त्यासाठी अर्ज करता येतो. जवळच्या कामगार कल्याण केंद्रातून अर्ज आणि अटी आणा, वहीतली पडताळलेली वाक्यं समोर ठेवा आणि जो बसतो त्याचा अर्ज त्याच्याजवळ बसून भरून घ्या.